गेट मीटिंग गेटवरच का होते?

मागच्या पंधरवड्यात आपल्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर गेलो होतो. कुठली कंपनी ते विचारू नका. एका पोराची चौकशी चालू आहे, म्हणून मी काही तपशील मुद्दाम गाळलेत. दुपारची पहिली पाळी सुटत होती. रस्त्याच्या कडेला छोटा टेम्पो उभा करून, त्यावर स्पीकर बांधून, नव्या युनियनचा एक कार्यकर्ता बोलत होता. बोलणं मुद्देसूद होतं. पगारकरार कधी संपला, नवा का होत नाही, कंत्राटी पोरांना किती वर्षं तसंच ठेवलंय, सगळं आकड्यांसकट. पण ऐकायला कोण? मी, चहाच्या टपरीवाला, दोन पोलीस आणि सायकल-मोटरसायकलवाले सात-आठ कामगार.

बाकीचे कुठे होते? कंपनीच्या बसमध्ये. आतल्या आतच बस भरते, गेट उघडतं, बस वळण घेऊन हायवेला लागते. काचा बंद. एका पाठोपाठ सगळ्या बस गेल्या आणि टेम्पोवरचा माणूस त्यांच्या धुरळ्यात बोलत राहिला.

फोटो काढायला म्हणून मी जरा पुढे सरकलो, तर सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "पत्रकार साहेब, ती पिवळी पट्टी दिसते ना, तिच्या अलीकडे येऊ नका. इथून कंपनीची जागा. उगाच मला बोलणी बसतील."

संध्याकाळी त्याच कंपनीतला एक पोरगा घरी आला. हातात नोटीस. गुन्हा काय, तर चहाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये त्याने जोडीदारांना नव्या युनियनचे सभासद फॉर्म दिले. नोटिशीत शब्द होता 'गैरवर्तन'. म्हणाला, "दादा, नाव घालू नका, पण एवढं सांगा. सुट्टी माझी, जोडीदार माझा, कागद युनियनचा. मग गैरवर्तन कुठलं? आणि जुन्या युनियनचा बोर्ड तर कँटीनच्या दारातच लावलाय, तो चालतो कसा?"

मी वकील नाही. पण पंचवीसेक वर्षं संप, करार, टाळेबंदी यांच्या बातम्या लिहितोय. त्याला म्हटलं, तुझा प्रश्न चहाच्या सुट्टीपेक्षा बराच जुना आहे. तेच आज सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या त्या परळच्या सुपारीबागेत. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजारांच्या आसपास कामगार जमले ते महालक्ष्मीला, रेसकोर्सच्या मैदानावर. दोन बाया त्या सभेत बोलल्या. आठवड्याची सुट्टी मागितली आणि त्याच वर्षी जूनमध्ये रविवार मिळाला. आज आपण सगळेच जो रविवार उपभोगतो, त्याची मागणी मैदानात उभं राहून झाली होती. गिरणीच्या आत सभा घ्यायचा विषयच नव्हता. आतली जमीन मालकाची, आतला वेळ मालकाचा, आणि कामावर घ्यायचं की नाही हे ठरवायचं जॉबरने.

मग एवढी मोठी चळवळ उभी राहिली कशी? याचं उत्तर गिरणगावाच्या नकाशात आहे.

आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सुट्टीत त्यांच्या खोलीवर जायचो. खोलीतून गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, आणि गेटवर स्पीकर लागला तर भाषणही. आबा सांगायचे, गेटवर कोण काय बोललं ते पाळी सुटायच्या आत चाळीत पोचलेलं असायचं. खानावळीत, व्यायामशाळेत, गणपतीच्या मंडपात, गाववाल्यांच्या खोलीत तीच चर्चा. गिरणीचं गेट आणि घराचं दार यांत दोन-चार मिनिटांचं अंतर. मालकाने आत बोलू दिलं नाही तरी माणूस बाहेर पडला की बोलणाऱ्याच्या हाती सापडायचा. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने गिरणगावावर जे मोठं काम केलंय, त्याचाही गाभा साधारण हाच आहे: कारखाना आणि वस्ती वेगळी काढून मुंबईचा कामगार समजतच नाही.

१९२८ चा संप बघा. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, सुमारे दीड लाख कामगार. संप चालू असतानाच, मे महिन्यात, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्माला आली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद ५० हजारांच्या वर गेले. पावत्या फाडल्या गेल्या त्या चाळीत आणि गेटवर. संप मिटल्यावर मात्र युनियनने एक नवी गोष्ट केली. गिरणीगिरणीत कामगारांच्या कमिट्या बसवल्या. म्हणजे युनियन पहिल्यांदा गेटच्या आत गेली. मालकांना तेच सगळ्यात जास्त झोंबलं. मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर, जोगळेकर वगैरे पुढारी मेरठ खटल्यात उचलले गेले, त्याच वर्षीचा दुसरा संप मोडला आणि कमिट्याही मोडल्या.

आता कायद्याकडे येऊ. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियन नोंदवायचा हक्क दिला. सात माणसांनी अर्ज केला की नोंदणी. पण मालकाने त्या युनियनला ओळख द्यावी, आत येऊ द्यावं, असं त्यात एक अक्षर नव्हतं. १९४७ साली केंद्राने त्यात दुरुस्ती करून सक्तीच्या मान्यतेची तरतूद मंजूर केली, पण ती दुरुस्ती अमलात कधी आणलीच नाही.

मुंबई प्रांतात वेगळा प्रयोग झाला. १९३८ साली औद्योगिक कलहाचं विधेयक आलं. मालकाची मान्यता असलेल्या युनियनला त्यात झुकतं माप होतं आणि संपावर बंधनं होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. हे दोघे एका व्यासपीठावर फार वेळा दिसले नाहीत, या विधेयकाविरुद्ध दिसले. विधेयक तरी मंजूर झालंच.

१९४६ च्या बीआयआर कायद्याने, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, तीच वाट पुढे नेली. मुंबईच्या कापड गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही 'प्रातिनिधिक' युनियन ठरली. या कायद्याने मंजूर युनियनच्या पदाधिकाऱ्यांना आतले हक्क दिले: पगार वाटतात तिथे वर्गणी गोळा करायची, आवारात सूचना फलक लावायचा, सभासदांशी आवारात चर्चा करायची. चांगलेच हक्क आहेत. लोखंड्यांच्या काळात कुणी स्वप्नातही मागितले नसते. पण ते मिळाले एकालाच. दुसरा कुणी आला तर तो परत गेटवर.

याची किंमत १९८२ ला कळली. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. मागण्या पगाराच्या होत्या, तशीच ही पण एक होती की बीआयआर कायदा जावा, कामगार ज्याच्या मागे आहेत त्याच्याशी बोला. कायद्याच्या कागदावर प्रातिनिधिक युनियन मात्र शेवटपर्यंत जुनीच राहिली. आबा त्या संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत. म्हणायचे, "आम्ही सगळे बाहेर होतो रे, आणि आमच्या नावाने सही करणारा आत होता." लहान होतो, तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

तुम्ही म्हणाल, हे गिरण्यांचं झालं. आपल्या एमआयडीसीचं काय? इथे १९७१ चा राज्याचा कायदा आला, युनियनवाले ज्याला एमआरटीयू-पल्प म्हणतात. अंमल सप्टेंबर १९७५ पासून. या कायद्यात मान्यता मालक देत नाही, औद्योगिक न्यायालय देतं. ही मोठी सुधारणा, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. अट अशी की निदान ३० टक्के कामगार सलग सहा महिने तुमचे सभासद असले पाहिजेत. आधीच एखादी मान्यताप्राप्त युनियन असेल तर तिच्यापेक्षा जास्त सभासद दाखवायचे. मतपेटी नाही, तपासणी होते ती पावत्यांची आणि रजिस्टरची. म्हणून आपल्याकडे युनियनची निवडणूक म्हणजे खरं तर पावती फाडायची निवडणूक.

मान्यता मिळाली की याच कायद्याचं २० वं कलम आतले हक्क देतं. वर्गणी, सूचना फलक, कामात व्यत्यय न आणता आवारात सभासदांशी चर्चा, गरज पडली तर कामाच्या जागेची पाहणी. मान्यता नसलेल्या युनियनला काय? एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक तक्रारीबद्दल मालकाला भेटणं, त्याच्या खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने उभं राहणं. बस. सूचना फलक नाही, चर्चा नाही.

आणि पोराच्या नोटिशीतला तो शब्द? तो राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांतून आलाय. कारखान्यातल्या शिस्तीचे हे नियम. गैरवर्तनांच्या यादीत चोरी, दारू, मारामारी आहे, आणि त्याच यादीत आवारात परवानगीशिवाय सभा घेणं आणि युनियनच्या सभासदत्वाचा प्रचार करणं हेही आहे. फक्त कायद्याने मुभा दिली असेल किंवा मॅनेजरची परवानगी असेल तरच चालतं. कायद्याची मुभा कुणाला आहे, ते वर सांगितलंच. मॅनेजर नव्या युनियनला परवानगी देईल का, ते तुम्हीच सांगा.

आता हे जोडून बघा. मान्यता हवी तर ३० टक्के सभासद हवेत. सभासद हवेत तर माणसांशी बोलायला हवं. माणसं दिवसाचे आठ-नऊ तास आत आहेत आणि आत बोललं तर गैरवर्तन. आत बोलायचा हक्क मिळतो मान्यतेनंतर. पोहायला आलं की मग पाण्यात उतर, असं सांगण्यातला हा प्रकार.

मूलभूत हक्कांचं काय, संघटना करायचं स्वातंत्र्य घटनेत आहे ना, असं कुणी विचारेल. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या खटल्यात याचं उत्तर दिलंय. रेल्वेतल्या एका युनियन पुढाऱ्याला रेल्वेच्या आवारात मनाई असताना सभांत भाषणं केली, हाही एक आरोप ठेवून नोकरीवरून काढलं होतं. न्यायालय म्हणालं, बोलण्याचं, जमण्याचं, संघटनेचं स्वातंत्र्य आहे, पण ते दुसऱ्याच्या जागेत जाऊन वापरायचा हक्क त्यात येत नाही. जागा सरकारी असली तरी मालक म्हणून सरकार मनाई करू शकतं. त्या पिवळ्या पट्टीमागे असा सगळा इतिहास उभा आहे. सिक्युरिटीवाल्या काकांना तो माहीत नसेल, पण ते त्याचीच राखण करत होते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिका म्हणजे मालकांचा देश असं आपण धरून चालतो, तिथल्या दोन निकालांची गोष्ट सांगतो.

पहिला १९४५ चा, रिपब्लिक एव्हिएशनचा. लाँग आयलंडवर लढाऊ विमानांचा कारखाना, दुसरं महायुद्ध चालू. एका कामगाराने जेवणाच्या सुट्टीत युनियनची कार्डं वाटली, कंपनीने काढून टाकलं. आपल्या पोराचीच केस. तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कामाचा वेळ कामासाठी, पण सुट्टीचा वेळ कामगाराचा आहे. त्या वेळेत, आवारात असला तरी, खास कारणाशिवाय त्याला युनियनबद्दल बोलायला बंदी घालता येणार नाही.

दुसरा १९९२ चा, लेशमिअरचा. कनेटिकट राज्यात एक मोठं दुकान, २०० च्या आसपास कर्मचारी. युनियनच्या बाहेरच्या कार्यकर्त्यांनी पार्किंगमधल्या गाड्यांवर पत्रकं लावली, दुकानाने हुसकलं. मग ते पार्किंग आणि हायवे यांच्यामधल्या ४६ फूट रुंद गवताच्या पट्टीवर उभे राहिले. येणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून ४१ जणांची नावं-पत्ते मिळवले, घरी गेले, पत्रं पाठवली. एवढ्या खटाटोपाचं फळ काय, तर सही केलेलं एक कार्ड. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की बाहेरच्या कार्यकर्त्यांना मालक अडवू शकतो, गवतावरून फलक दाखवता येतात ना, मग संपर्काची वाट आहे. गवताची ती पट्टी वाचताना मला आपल्या टेम्पोवाल्याचीच आठवण आली.

तरी एक फरक लक्षात घ्या. तिथे बाहेरचा अडतो, आतला कामगार सुट्टीत बोलू शकतो. शिवाय निवडणूक ठरली की मालकाने मतदार कामगारांची नाव-पत्त्यांची यादी द्यायची, हा नियम तिथे १९६६ पासून आहे. आपल्याकडे आतल्या कामगाराचीच सुट्टी स्थायी आदेशांत बांधलेली आहे.

आणि आता परत गिरणगावाचा नकाशा आठवा. तिथे कायदा आड आला तरी वस्ती मदतीला होती. एमआयडीसीत ती वस्तीच नाही. १९६२ मध्ये महामंडळ झालं, गावापासून लांब माळरानावर प्लॉट पडले. कामगार कुठून येतो? तीस-चाळीस किलोमीटरवरच्या पन्नास गावांतून, कंपनीच्या बसने. एकाच लाईनवर शेजारी उभे राहणारे दोघे एकमेकांच्या गावी कधी गेलेले नसतात. गेटसमोर चाळ नाही, खानावळ नाही, आहे तो हायवे. वर काही कंपन्या कोर्टातून मनाई आणतात, गेटपासून अमुक मीटरच्या आत सभा नको. म्हणजे गेट मीटिंग हे नाव उरलं, त्यातलं गेटही गेलं आणि मीटिंगही. व्हॉट्सअ‍ॅप आहे म्हणाल, तर पोरं ग्रुपमध्ये थांबायला घाबरतात. स्क्रीनशॉट कुणाकडे जाईल सांगता येत नाही.

मालकांची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी लिहिलं म्हणाल. सत्तर-ऐंशीच्या दशकात घेराव झाले, मारामाऱ्या झाल्या, दोन युनियनच्या भांडणात डोकी फुटली. रसायनाच्या कारखान्यात कुणीही आत फिरणं धोक्याचं आहे. हे खरंच आहे. पण चहाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये दिलेल्या एका कागदाने कुठली रिॲक्टर फुटते? आणि १९७१ च्याच कायद्यात, मालकाने कामगारांच्या संघटनेत ढवळाढवळ करणं, एखाद्या युनियनला पैशाने किंवा इतर मार्गाने पाठबळ देणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवलेली आहे. एकाला कँटीनच्या दारात बोर्ड आणि दुसऱ्याला नोटीस, यात मालक तटस्थ आहे असं कसं म्हणायचं?

आता नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटी करणार. आणि आवारातल्या सोयी कुणाला द्यायच्या? त्या वाटाघाटी करणाऱ्या युनियनला. म्हणजे पुन्हा जिंकलेल्याला. लढणाऱ्याने लढायचं कुठे, हा प्रश्न १९४६ ला जिथे होता तिथेच आहे, फक्त ३० चे ५१ झालेत.

माझं म्हणणं फार मोठं नाही. ज्या काळात युनियन निवडायची आहे, तेवढ्या काळापुरता सगळ्या अर्जदार युनियनना कँटीनमध्ये एकेक फलक द्यावा. जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत कामगाराने कामगाराशी युनियनबद्दल बोलणं गैरवर्तनाच्या यादीतून काढावं. मतदार कामगारांची यादी सगळ्यांना सारखी मिळावी. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सरपंचाने विरोधी उमेदवाराला गावाच्या वेशीबाहेर उभं राहून प्रचार कर म्हटलं, तर आपण ऐकून घेऊ का? मग ज्या निवडीवर घरातला पगार अवलंबून आहे, तिथे का ऐकतो?

पोराची चौकशी पुढच्या आठवड्यात आहे. त्याच्या बाजूने उभं राहायला नव्या युनियनचा माणूस जाणार आहे. तेवढ्या कामासाठी त्याला पिवळी पट्टी ओलांडून आत जाऊ देतील, कायद्यानेच तशी मुभा आहे. जोडीदारांशी बोलायला मात्र त्याला परत टेम्पोवरच चढावं लागेल.

तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, आजोबा गिरणीत किंवा इथल्या जुन्या कारखान्यांत होते, त्यांच्या गेट मीटिंगच्या आठवणी असतील तर जरूर कळवा. सध्या कामावर असलेल्यांनी मात्र कंपनीचं नाव उघड लिहू नका, सरळ फोन करा.